माझा तो लेख

आमच्या अटलांटातल्या मंडळाचा २०२१ चा दिवाळी अंक ज्यांनी जपून ठेवला असेल (फराळाच्या डब्यांखाली अंथरला नसेल तर), त्यांनी त्यातलं एकोणिसावं पान काढावं. तिथे माझा लेख आहे, 'बालवयाचा लिलाव'. तो बराच गाजला होता. संक्रांतीला तिळगूळ देताना दोन-तीन जणींनी थांबवून सांगितलं, "बरं झालं कुणीतरी लिहिलं." एका काकांनी तो पुण्याला आपल्या भावाला धाडला. मी महिनाभर हवेत होतो. आज त्यातली निम्मीअधिक वाक्यं माझ्याच घशाखाली उतरत नाहीत. लिहिलं मी, तेव्हा मागे घ्यायचं तर तेही मीच घ्यायला हवं.

त्या वर्षी मार्चमध्ये ओव्हरटाइम नावाच्या कंपनीनं एक लीग जाहीर केली होती. ही कंपनी २०१६ साली निघालेली, शाळकरी खेळाडूंच्या डंकच्या आणि ड्रिब्लिंगच्या छोट्या चित्रफिती मोबाइलवर दाखवून मोठी झालेली. लीगचं नाव ओव्हरटाइम एलिट. १६ ते १८ वर्षांच्या मुलांना बास्केटबॉल खेळण्यासाठी पगार: वर्षाला किमान एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं पंच्याहत्तर लाख रुपयांच्या आसपास. वर बोनस आणि कंपनीचे थोडे शेअर. राहणं, जेवण, शिकवणी कंपनीकडे. बदल्यात मुलानं शाळेच्या संघाकडून खेळणं सोडायचं, आणि पुढे कॉलेजच्या संघाचं दारही त्याला बंद. पैसे घालणाऱ्यांत जेफ बेझोस, गायक ड्रेक, खुद्द बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरांट. आणि हे सगळं आमच्याच गावात, अटलांटिक स्टेशनला. आम्ही तिथे सिनेमाला नाहीतर आयकियातून कपाटं आणायला जातो. पूर्वी त्या जागेवर पोलादाचा कारखाना होता. लेखात मी हे लगेच वापरून घेतलं: काल लोखंड वितळवायचे, आज मुलं वितळवणार. वाक्य जमलंय असं वाटलं की माझी अक्कल तिथेच थांबते.

माझं म्हणणं थोडक्यात असं होतं की, शिकण्याच्या वयात मुलाच्या हातात पैसा ठेवणं म्हणजे त्याचं शिक्षण विकत घेऊन फेकून देणं. शंभरातला एखादा एनबीएत जाईल, बाकीचे विशीत रस्त्यावर येतील. हा धंदा आहे, आणि कॉलेज हे मंदिर आहे. 'मंदिर' हा शब्द मी खरोखरच वापरला होता.

हे कुठून आलं, तेही सांगतो. मी पुण्याचा. कॉलेजच्या संघात पॉइंट गार्ड होतो, बरा होतो. तिसऱ्या वर्षाला विद्यापीठाच्या संघात निवड झाली. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तारखा आणि परीक्षेच्या तारखा एकमेकींवर आल्या. बाबा पोस्टात होते. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "बास्केटबॉलची पेन्शन किती मिळते रे?" मी गेलो नाही. पुढे इंजिनिअर झालो, इथे आलो, घर घेतलं, आणि त्या न जाण्याचं तीस वर्षं तत्त्वज्ञान करत राहिलो. आधी शिक्षण. लेख लिहायला बसलो तेव्हा तो आपसूक उतरला. आता वाटतं, इतका आपसूक उतरला तिथेच मला संशय यायला हवा होता.

पहिला ओरखडा घरातच उठला. २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्याला, वय सतरा, एका सॉफ्टवेअर कंपनीत पगारी इंटर्नशिप लागली. मी पेढे आणले. मंडळाच्या ग्रुपवर त्याचा गळ्यात ओळखपत्र घातलेला फोटो टाकला, त्यावर शंभरेक अंगठे आले. रात्री भांडी आवरताना बायको म्हणाली, "अरे, मग ह्याचा लिलाव कितीला झाला?" मी म्हणालो, हे वेगळं आहे. ती म्हणाली, "कसं?" मी सांगायला लागलो आणि दुसऱ्या वाक्याला अडकलो. तो सुट्टीत काम करतो, ती मुलं वर्षभर करतात, एवढा एक फरक हाताला लागला. पण माझ्या लेखाचं नाव 'वर्षभराचा लिलाव' असं नव्हतं.

त्या रात्री सचिन आठवला. १९८९ च्या नोव्हेंबरात कराचीला तो सोळाव्या वर्षी भारताकडून उतरला तेव्हा आमच्या सोसायटीत कुणी त्याच्या कॉलेजातल्या हजेरीची चौकशी केली नव्हती. आपल्याकडे ही रीत त्याहून जुनी आहे. दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले तेव्हा चौदाच्या आसपासचे. बिऱ्हाड कंपनीचं, जेवण कंपनीचं, पगार कंपनीचा. त्या कंपन्यांत दाखल झालेल्या सगळ्याच पोरांचं भलं झालं नाही. आवाज फुटला की स्त्रीपार्टी पोराची किंमत रातोरात उतरायची, तशी इथे गुडघा गेला की उतरते. तरी दीनानाथांचा लिलाव झाला असं मी कधी म्हटलं नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रात जे आपण 'लहान वयातली साधना' म्हणून वाचतो, तेच दुसऱ्याच्या मुलानं, त्यातही काळ्या मुलानं, अटलांटात केलं की मला बाजार दिसला. 'काळ्या' हा शब्द मी लेखात लिहिला नव्हता. पण लिहिताना डोळ्यांपुढे कोण होतं ते मला ठाऊक आहे.

तरीही मत बदललं नव्हतं, फक्त खाजायला लागलं होतं. ते बदलायला एक ट्रक ड्रायव्हर लागला.

शनिवारी सकाळी मी काउंटीच्या पार्कात पंधरा वर्षांखालच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो. फुकट, हौसेनं. तीन हिवाळ्यांपूर्वी एक मुलगा आला. चौदाव्या वर्षी सहा फूट पाच इंच, आणि हात असे की चेंडू त्यात संत्र्यासारखा दिसायचा. त्याचे वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. सराव संपेपर्यंत फळीवर बसून डुलक्या घेतात. मी एकदा मुलांना गोळा करून माझं नेहमीचं प्रवचन दिलं: त्या लीगचे पैसे घेतले की कॉलेज गेलं, लक्षात ठेवा. घरी निघताना त्या मुलाचे वडील माझ्याजवळ आले.

"कोच, कॉलेज गेलं म्हणता ते नक्की काय गेलं? वर्ग की संघ?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"वर्ग कसा जाईल? फी भरली की वर्ग मिळतो. आणि फीचे पैसे तर ती लीगच देते म्हणते ना?"

ते बरोबर होते. लीगनं पहिल्या दिवशीच जाहीर केलं होतं की जो मुलगा पुढे व्यावसायिक खेळाडू होणार नाही, त्याला कॉलेजच्या शिक्षणासाठी एक लाख डॉलरपर्यंत देऊ. आता कबुलीचा भाग. मी ते वाचलं होतं. लेखाच्या टिपणांत उतरवूनही घेतलं होतं. छापायला देताना गाळलं, कारण त्यानं लेखाची धार जात होती. चुकून राहिलं असतं तर आज इतकं लिहीत बसलो नसतो.

त्या शनिवारी गाडीत बसलो आणि बराच वेळ चावी फिरवली नाही. पैसे घेतल्यानं कुठल्याही मुलाचं शिक्षण बंद होत नव्हतं. तो गणित शिकू शकत होता, इतिहास शिकू शकत होता, वाचनालयात रात्रभर बसू शकत होता. बंद होत होतं ते कॉलेजच्या जर्सीत खेळणं. आणि ते दार लीगनं लावलेलं नव्हतं. ते लावत होती एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची नियामक संस्था. नियम त्यांचा: खेळाचे पैसे घेतलेला मुलगा हौशी राहत नाही, म्हणून अपात्र. मी दार लावणाऱ्याला मंदिराचा पुजारी म्हणालो होतो आणि दाराबाहेर पोराच्या हातात पैसे ठेवणाऱ्याला चोर.

हौशी हा आपला शब्द किती गोड आहे! हौशी नाटक म्हटलं की पदरचे पैसे घालून रंगवलेला पडदा डोळ्यांपुढे येतो. पण हौशी नाटकाची तिकिटं करोडोंना विकून ते पैसे फक्त व्यवस्थापक घेत असेल तर त्याला आपण हौशी म्हणू का? एनसीएएनं २०१० साली आपल्या पुरुषांच्या वार्षिक स्पर्धेचे टीव्ही हक्क १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरना विकले होते. खेळणारा हौशी, बाकी सगळे पगारी. प्रशिक्षक तर कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महाग माणूस.

'विद्यार्थी-खेळाडू' ह्या शब्दाचीही अशीच गंमत आहे. मी लेखात तो मोठ्या भक्तीनं वापरला होता. तो रूढ केला एनसीएएनंच, १९५० च्या दशकात, आणि कारण अगदी कोरडं होतं. मैदानावर जखमी झालेले किंवा दगावलेले खेळाडू कॉलेजचे कामगार ठरू नयेत, नुकसानभरपाई द्यावी लागू नये. हे मी म्हणत नाही, वॉल्टर बायर्स म्हणतात. १९५१ पासून साडेतीन दशकं ही संस्था ज्यांनी चालवली तेच. निवृत्तीनंतर, १९९५ साली त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं की आपण उभी केलेली व्यवस्था खेळाडूंवर अन्याय करते. माझ्या दिवाळी अंकातल्या लेखापेक्षा त्यांना मागे घ्यायचं होतं ते फारच मोठं होतं. मला त्याचा जरा आधार वाटला.

आणि मंदिराच्या गाभाऱ्यात काय चाललं होतं? चॅपेल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ म्हणजे मायकल जॉर्डनचं विद्यापीठ. २०१४ साली तिथला चौकशी अहवाल आला. १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं तिथल्या एका विभागात न भरणारे वर्ग चालू होते. तासाला जायचं नाही, शेवटी एक निबंध द्यायचा, आणि निबंधाला गुण द्यायची कार्यालयातली एक कर्मचारी. तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घेतला, त्यात जवळजवळ निम्मे खेळाडू. पुढे २०१७ मध्ये एनसीएएनं ह्यावर शिक्षा केली नाही. हे वर्ग खेळाडूंखेरीज इतरांनाही खुले होते, तेव्हा खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही, असा युक्तिवाद. मी हे दोनदा वाचलं. वर्ग भरत नाही ह्याला हरकत नाही, पोराला पगार मिळाला ह्याला हरकत आहे.

अजून एक गोष्ट. २०१४ ची स्पर्धा कनेक्टिकटनं जिंकली. त्यांचा मुख्य खेळाडू शबाझ नेपियर तेव्हा पत्रकारांना म्हणाला की काही रात्री आपण उपाशीच झोपतो. तोवर कॉलेजांनी खेळाडूला ठरल्यापेक्षा जास्त जेवण देणंही नियमात बसत नव्हतं. बेगल द्यायला परवानगी होती, पण काही काळ त्यावर क्रीम चीज लावायला नव्हती. आपल्याकडे सोवळ्याचे असे नियम असायचे. नेपियरच्या बोलण्याचा गाजावाजा झाला आणि त्याच महिन्यात एनसीएएनं जेवणाची मर्यादा उठवली. त्या कनेक्टिकट संघाचे प्रशिक्षक होते केव्हिन ऑली. सात वर्षांनी तेच ऑली ओव्हरटाइम एलिटचे पहिले मुख्य प्रशिक्षक झाले. ह्याचा अर्थ मी काढत नाही. पण २०२१ साली मी त्यांना 'पैशामागे गेलेला गुरुजी' म्हटलं होतं, ते वाक्य तेवढं खोडतो.

आता जुळ्यांविषयी. ह्या लीगच्या पहिल्या वर्षी तिथे जुळ्या भावांच्या दोन जोड्या होत्या, दोन्ही फ्लोरिडातल्या शाळांतून आलेल्या. आमेन आणि ऑसार थॉम्पसन, मॅट आणि रायन ब्यूली. ब्यूली तर लीगनं करारबद्ध केलेले अगदी पहिले खेळाडू. चौघंही एकाच इमारतीत, एकाच भोजनालयात, दोन वर्षं. जून २०२३ मध्ये ब्रुकलिनला एनबीएचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला. चौथ्या क्रमांकावर ह्यूस्टननं आमेनला घेतलं, पाचव्यावर डेट्रॉइटनं ऑसारला. पहिल्या पाचांत एकाच वर्षी दोन भाऊ, हे आजवर झालं नव्हतं. आमेन २०२५ साली एनबीएच्या सर्वोत्तम बचाव संघात गेला. आमच्या मंडळातले काकासुद्धा आता त्याचं नाव घेतात.

ब्यूली बंधूंना ड्राफ्टची वाट सापडली नाही. होतं असं, बहुतेकांचं होतं. मग त्यांनी माझ्या लेखात सांगितलं होतं तेच केलं: कॉलेजात गेले. शिकागो स्टेट विद्यापीठात. २०२३ च्या शरद ऋतूत एनसीएएनं त्यांना अपात्र ठरवलं. लीगनं दिलेले पैसे खर्चापुरते नव्हते, त्याहून जास्त होते, म्हणून. ते कोर्टात गेले. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय न्यायालयानं त्यांना खेळू देण्याचा तात्पुरता आदेश नाकारला.

ह्यात गमतीचा भाग असा, की गंमत म्हणवत नाही. १ जुलै २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू आपल्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे मिळवू लागले होते. सर्वोच्च न्यायालयानं जूनमध्ये एनसीएएविरुद्ध नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला आणि त्यानंतर दहा दिवसांत एनसीएएनं ते दार उघडलं. माझा लेख छापायला जायच्याही तीन महिने आधीची ही गोष्ट. म्हणजे २०२३ साली ब्यूली ज्या मैदानाबाहेर उभे होते, त्या मैदानावरची मुलं पैसे घेऊनच खेळत होती. काहींना लाखांत मिळत होते. ब्यूलींचा गुन्हा पैसे घेतल्याचा नव्हता. त्यांनी ते आधी घेतले होते आणि ते चुकीच्या खिडकीवर घेतले होते.

माझ्या लेखातलं 'बाकीचे विशीत रस्त्यावर येतील' हे भाकीत ब्यूलींच्या बाबतीत खरं ठरलं, असं एक स्नेही मला म्हणाले. त्यांना मी विचारलं, रस्त्यावर आणलं कुणी? त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझ्यापाशीही नव्हतं, म्हणून मी जास्त बोललो नाही.

लीगला मात्र हे लवकर कळलं. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी मुलांपुढे दुसरी वाट ठेवली: पगार घेऊ नका, शिष्यवृत्तीवर खेळा, कॉलेजची पात्रता राखा. रॉब डिलिंगहॅम तसाच तिथून केंटकीला गेला आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये आठवा आला. त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर गेलेला फ्रेंच मुलगा अलेक्स सार हाही दोन वर्षं इथेच होता, नंतर ऑस्ट्रेलियात पर्थला. बदल झाला तो एवढाच, परतीचं दार उघडं राहिलं. खेळ तोच, मैदान तेच, शिक्षक तेच.

मी आता त्या लीगचा भाट झालो असा कुणी समज करून घेऊ नये. मी तिथे दोनदा सामने पाहायला गेलो. एवढ्या छोट्या प्रेक्षागृहात इतके कॅमेरे मी कधी पाहिले नव्हते. पोरानं डंक मारला की तो खाली पाय टेकतो न टेकतो तोच त्याची चित्रफीत जगभर पोचलेली असते, आणि सामना कोण जिंकलं हे बाहेर पडताना शेजारच्या माणसाला आठवत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला पगार खेळाचा मिळतो की दिसण्याचा, हा प्रश्न मी लेखात विचारला होता. तो मी मागे घेत नाही. फक्त आता तो कॉलेजलाही विचारतो.

आणि अशा संस्था पत्त्यांच्या बंगल्यासारख्या असतात, हेही खरं निघालं. लावार बॉल ह्या हौशी बापानं २०१८ साली कॉलेजला पर्याय म्हणून काढलेली लीग एका मोसमात आटोपली. एनबीएनं स्वतः २०२० साली 'इग्नाइट' नावाचा संघ काढला. बारावी झालेल्या गुणी मुलांना वर्षभर पगार द्यायचा, थोरांशी खेळवायचं, मग ड्राफ्टला सोडायचं. जेलन ग्रीन, स्कूट हेंडरसन तिथलेच. पहिल्या वर्षी आपल्या पंजाबातला प्रिन्सपाल सिंगही त्या संघात होता, नोएडाच्या एनबीए अकादमीतून गेलेला. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, बरं का. लेखात त्याला मी 'लिलावा'त धरलं नाही. आपला मुलगा गेला की संधी. तर ते इग्नाइट मार्च २०२४ मध्ये बंद झालं. शेवटच्या मोसमात ३४ पैकी दोन सामने जिंकले होते, पण बंद पडायचं कारण ते नव्हतं. कॉलेजं आता पैसे देऊ शकत होती, मग मुलांनी इग्नाइटला का जावं? पैसे घेऊन कॉलेज टाळायची गरजच उरली नाही.

जून २०२५ मध्ये तर न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी तडजोड मंजूर केली: जुन्या खेळाडूंना २८० कोटी डॉलरची भरपाई, आणि पुढे प्रत्येक कॉलेजनं खेळाडूंना वर्षाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट वाटायला मुभा. माझं मंदिर आता पगारपत्रक काढतं. त्याच वर्षी शरद ऋतूत सँटा क्लारा विद्यापीठानं थिएरी डार्लान हा इग्नाइटमध्ये पगारावर खेळलेला मुलगा घेतला. मग लुईव्हिलनं लंडन जॉन्सन घेतला. हा नॉरक्रॉसचा, माझ्या घरापासून वीस मिनिटांवरचा, आणि इग्नाइटच्या पगारावर दोन वर्षं राहिलेला. बातमी वाचली तेव्हा मला जॉन्सनचा आनंद झाला आणि लगेच ब्यूली जुळे आठवले. त्यांना कोर्टात जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

दिवाळीत बाबांना फोन केला तेव्हा सांगितलं की तो लेख मागे घेतोय. ते चौऱ्याऐंशीचे आहेत, कान अजून तिखट. त्यांच्याकडे त्या अंकाची प्रत आहे, मीच पाठवली होती. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुला तेव्हा जाऊ द्यायला हवं होतं का मी?" मी म्हणालो, "नाही हो बाबा, परीक्षा होती ना." त्यांना बरं वाटलं असावं. मला खोटं बोलल्यासारखं वाटलं, पण पूर्ण खोटंही नव्हतं ते. गेलो असतो तर काय झालं असतं? फार तर पहिल्या फेरीत हरून परत आलो असतो. ती परीक्षा सहा महिन्यांनी देता आली असती, इतकंच. हे त्यांना सांगायचं वय आता त्यांचंही नाही आणि माझंही.

गेल्या महिन्यात तो ट्रक ड्रायव्हर घरी आला. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, सहा फूट आठ. दाराच्या चौकटीतून वाकून आला आणि आमच्या तोरणाला डोकं लागलंच. त्याला दुसऱ्या राज्यातल्या एका अकादमीकडून करार आला होता, चाळीस पानी. "कोच, तुम्ही घ्यायला सांगता की नको म्हणता?" वडिलांनी विचारलं. मी म्हणालो, आधी वाचू या. स्वयंपाकघराच्या टेबलावर पानं पसरली. सुट्टीला आलेला आमचा थोरला, कायद्याचं इंग्रजी आपल्याला इतरांपेक्षा बरं समजतं असा दावा करून मध्ये बसला. पगाराचा आकडा पहिल्याच पानावर, ठळक. तो आम्ही सोडून दिला. पात्रतेचं कलम नवव्या पानावर होतं, चांगलं होतं. करार मधेच संपला तर राहायची जागा किती दिवसांत सोडायची ते बाविसाव्या पानावर. दुखापतीचं एकतिसाव्यावर, बारीक टायपात, आणि त्यात एका ओळीत 'संस्थेच्या डॉक्टरांच्या मते' असे शब्द होते. वडिलांनी खिशातून चष्मा काढला, ती ओळ पुन्हा वाचली आणि पेन्सिल मागितली.

साडेदहा वाजले होते. मुलानं करारावरून डोकं वर केलं आणि हळूच विचारलं, काही खायला मिळेल का. हिनं पोहे भिजत घातले.